मी, थर्ड पार्टी

हल्ली कुणी नवी गाडी घेतली की पेढ्याबरोबर घोडेही मोजून देतो. पेढा एक, घोडे एकशेवीस. पूर्वी गाडी घेणाऱ्याला आपण दोनच प्रश्न विचारत असू, "केवढ्याला पडली?" आणि "लिटरला किती देते?" पहिल्याचं उत्तर थोडं कमी करून मिळे, दुसऱ्याचं थोडं वाढवून, पण दोन्ही समजत. आता विचारायच्या आतच उत्तरं अंगावर येतात. इतके बीएचपी, इतके न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत. मी बी.कॉम., सेकंड क्लास. न्यूटन आणि मीटर ही दोन नावं मला वेगवेगळी माहीत होती. पहिल्याच्या समोर सफरचंद पडलं, आणि दुसरा आमच्या इथले रिक्षावाले टाकत नाहीत. या दोघांचा गुणाकारही होतो हे मला चाळिशीनंतर कळलं, तेही मेहुण्याकडून.

हा मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. दिवाळीच्या पाडव्याला त्यानं टर्बो गाडी घेतली. हजार सीसीला दोन सीसी कमी आणि घोडे एकशेवीस. त्याच संध्याकाळी मला शेजारी बसवून त्यानं कर्वे रस्त्यावर नेलं. एका सिग्नलला दिवा हिरवा झाला आणि त्यानं पाय दाबला.

"भावोजी, पिकअप बघा! पाठ सीटला चिकटली की नाही?"

"चिकटली बाबा. पण बसलो तेव्हा टेकलीच होती की."

"तसं नाही हो! शून्य ते शंभर, दहा सेकंदांत!"

दहाव्या सेकंदाला आम्ही पुढच्या सिग्नलच्या लाल दिव्यापाशी उभे होतो. तो दिवा हिरवा व्हायच्या आत, मागच्या सिग्नलला आमच्या डावीकडे असलेले एक सायकलवाले गृहस्थ पुन्हा आमच्या डावीकडे येऊन उभे राहिले. त्यांच्या हँडलला दुधाची पिशवी होती. मी काही बोललो नाही. नवी गाडी आणि नवं बाळ यांना पहिला महिनाभर नावं ठेवू नयेत, असा आमच्याकडे रिवाज आहे. महिना झाला. आता बोलतो.

आधी या घोड्याची कुंडली मांडू. अठराव्या शतकात जेम्स वॉट नावाचा गृहस्थ वाफेची इंजिनं विकायला निघाला. गिऱ्हाईक कोण, तर घोडे जुंपून गिरण्या आणि पंप चालवणारे लोक. ते एकच प्रश्न विचारणार, "तुझं हे धुराडं माझे किती घोडे वाचवील?" म्हणून एक घोडा मिनिटाला किती काम करतो याचा आकडा वॉटनं ठरवून टाकला. आपल्या मेट्रिक हिशेबात सांगायचं तर पंचाहत्तर किलोचा ऐवज एका सेकंदात एक मीटर वर उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. (माझं वजन नेमकं तेवढंच असल्यामुळे हा आकडा मला चटकन समजला. मला एका सेकंदात जमिनीवरून टेबलावर ठेवायला एक घोडा पुरेल. साहेबांनी हाक मारल्यावर मी खुर्चीतून उठतो तेव्हा त्याहून पुष्कळ कमी लागतो.) थोडक्यात, हा आकडा जन्मला तोच विक्रेत्याच्या पोटी. त्याच्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कशाला करायची?

आमच्या मामांकडे फियाट होती. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. पण तिला पद्मिनी म्हणताना मी घरात कुणाला ऐकलं नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी, घोडे चाळीसेक, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कुशीत. थंडीत चोक ओढावा लागे. कमी ओढला तर खोकायची, जास्त ओढला तर पेट्रोलचा पूर येऊन गप्प बसायची. मग मामा बॉनेट उघडून आत बघत. त्यांच्यामागून समोरचे कुलकर्णीकाका, त्यांच्यामागून पेपरवाला आत बघे. कुणालाच काही कळत नसे, पण बॉनेटखाली बघणं हा त्या काळी सार्वजनिक कार्यक्रम होता. खंबाटकीच्या घाटात रेडिएटर उकळे, म्हणून डिकीत पाण्याचा डबा कायम. त्यातलं पाणी पिण्याची आम्हा मुलांना सक्त मनाई होती. ते गाडीचं होतं. ही गाडी ताशी शंभरावर गेलेली घरातल्या कुणी पाहिली नाही. काटा तिथपर्यंत आकडे दाखवायचा, पण आमच्या पासबुकातही शिलकेच्या रकान्यात सात आकड्यांची जागा आहेच की.

मोठ्या साहेबांकडे अँबॅसडर असे. १४८९ सीसी, घोडे पन्नासेक. आणि मग १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, घोडे फियाटपेक्षा दोन-तीन कमीच. तरी ती सिग्नलला फियाटच्या पुढे सुटायची. मामांना याचा फार राग. "काड्यापेटी आहे नुसती," म्हणायचे. पण त्या काड्यापेटीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि फियाटचं जवळपास नऊशे. घोडे थोडे कमी, ओझं पुष्कळ कमी. बॅलन्स शीट वाचता येणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. मामा इंजिनिअर होते.

आता मेहुण्याच्या बाजूनं जे बोलण्यासारखं आहे ते प्रामाणिकपणे बोलून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा. इंजिनं सुधारली आहेत, आणि थोडीथोडकी नाही. १९०८ साली फोर्डची मॉडेल-टी आली तेव्हा २.९ लिटरच्या इंजिनातून वीस घोडे निघत. लिटरला सातसुद्धा नाहीत. मामांच्या फियाटमध्ये लिटरला सदतीसच्या आसपास. मेहुण्याच्या गाडीत लिटरला एकशेवीस! म्हणजे माझ्या एका आयुष्यात तिपटीहून जास्त. आमच्या बँकेच्या कुठल्याही ठेव योजनेवर मी अशी वाढ पाहिलेली नाही.

हे झालं कसं, तेही मी समजून घेतलं आहे, कारण ज्याच्याशी भांडायचं त्याचं खातं आधी तपासावं. पूर्वी पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्ब्युरेटर करी, म्हणजे सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार. आता छोटा संगणक प्रत्येक फेऱ्याला थेंब मोजून देतो. पूर्वी प्रत्येक सिलिंडरला हवा आत यायची एक खिडकी आणि धूर बाहेर जायची एक, आमच्या शाखेत पैसे भरायची एक आणि काढायची एक असते तशी. आता दोन-दोन खिडक्या. रांग पटापट सरकते. पेट्रोल सुधारलं म्हणून ते आत अधिक दाबता येऊ लागलं. आणि टर्बो म्हणजे तर कमालच. बाहेर चाललेल्या धुराला तसा मोकळा जाऊ न देता त्याच्याकडून एक चक्र फिरवून घ्यायचं, आणि त्या चक्रानं नवी हवा आत कोंबायची. निवृत्त झालेल्या हेडक्लार्कला निरोपाचा नारळ देता देता नव्या भरतीला कामाला लावायचं काम त्याच्याच गळ्यात घालावं, तसा प्रकार. गंमत म्हणजे यातला संगणक आपल्याकडे सर्रास आला तो २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तेव्हा. धूर कमी करायला नेमलेल्या कारकुनानं जाता जाता घोडेही वाढवून दिले. असे कारकून आम्हाला का मिळत नाहीत, असं आमचे साहेब म्हणतात.

घोड्यांची कौतुकं झाली. आता ते जातात कुठे ते बघू.

टॉमटॉम नावाची डच कंपनी जगभरातल्या शहरांतली वाहतूक मोजते. तिच्या २०२४ सालच्या यादीत आमचं पुणे संथपणात जगात चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटं बावीस सेकंद. भागाकार मी केला आहे: ताशी अठरा किलोमीटर. हा वेग त्या दुधाच्या पिशवीवाल्या गृहस्थांचा. त्यांच्याकडे एकही घोडा नाही, दोन गुडघे आहेत, त्यातला एक दुखत असावा. तेव्हा एकशेवीस घोड्यांपैकी शहरात रोज जुंपले जातात ते किती? बाकीचे तबेल्यात उभे राहून चारा खातात, आणि चाऱ्याचा हप्ता सात वर्षं चालतो. आमच्याकडे एखादा व्यापारी वीस लाखांची कॅश-क्रेडिट मर्यादा मंजूर करून घेतो आणि वर्षभर दोनच लाख उचलतो. अशा वेळी न उचललेल्या रकमेवरही बँक काही आकार लावते. का, तर बाबा, तुझ्यासाठी आम्ही पैसे अडकवून ठेवले. गाडीवाल्याला न वापरलेल्या घोड्यांचा असा आकार कुणी लावत नाही.

मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर लागतात म्हणाल, तर तिथेही मोटारींना वेगमर्यादा शंभरचीच, घाटात त्याहून कमी, आणि आता वर कॅमेरे आहेत. शंभरच्या वेगानं सपाट रस्त्यावर जायला एकशेवीस घोडे लागत नाहीत. मारुती ८०० सुद्धा कण्हत-कुंथत तेवढं जाई.

मग हे घोडे खऱ्या अर्थानं बाहेर पडतात कुठे? तर दोन सिग्नलांच्या मधल्या दीडशे-दोनशे मीटरांत. दिवा हिरवा झाला की सुटायचं, पुढचा लाल दिसला की ब्रेक मारायचा. आणि त्या दीडशे मीटरांत कोण असतं? मी असतो.

इथे विनोद थोडा बाजूला ठेवून एक गणित मांडतो. आमच्या घरासमोरच्या रस्त्याची एक बाजू दोन लेनची, म्हणजे सात मीटर. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे सात मीटरांना सहा सेकंद. सिग्नलची थांबरेघ माझ्यापासून पंचवीस मीटरांवर. मी पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी दिवा हिरवा झाला असं धरा. शून्य ते शंभर व्हायला वीस सेकंद घेणारी जुन्या पद्धतीची गाडी माझ्यापर्यंत सहा सेकंदांनी पोचते, तेव्हा तिचा वेग तीस असतो आणि मी पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवत असतो. मेहुण्याची दहा सेकंदवाली सव्वाचार सेकंदांत पोचते, वेग बेचाळीस, आणि मी पाच मीटरांवर, म्हणजे दुसऱ्या लेनच्या मधोमध. चाकणला बनणारी महिंद्राची विजेवरची बीई ६ आहे; तिच्या वरच्या मॉडेलला कंपनी ६.७ सेकंद सांगते. ती साडेतीन सेकंदांत येते, वेग बावन्न, आणि मी चार मीटरांवर. हा हिशेब वेग एकसारखा वाढतो असं धरून केला आहे. प्रत्यक्षात गाडी सुरुवातीला याहूनही जोरात सुटते. आणि दणका वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या गाडीचा पिकअप दुप्पट झाला की पंचवीस मीटरांवरचा दणका बरोबर दुप्पट होतो, तिप्पट झाला की तिप्पट. वजन वाढलं असेल तर ते वेगळं जमा करायचं.

"पण गाडीवाला ब्रेक मारेल की!" असं मेहुणा म्हणतो. मारेल. बहुतेक वेळा मारतोच. पण माझ्या हातात जे सहा सेकंद होते त्यांतले पावणेदोन कुणी काढून घेतले, आणि मला विचारलं होतं का, हा माझा प्रश्न आहे.

आमची आई शहात्तर वर्षांची आहे. चाळीस वर्षं ती हा रस्ता ओलांडते आहे. तिची एक पद्धत होती. डावीकडे पिंपळ आहे. गाडी पिंपळाच्या पलीकडे असली की निघायचं, अलीकडे असली की थांबायचं. तिला ना न्यूटन माहीत ना मीटर, पण हा पिंपळ तिनं हजारो फियाट, अँबॅसडर आणि मारुती बघून ठरवला होता. अचूक होता. आता पिंपळ तिथेच आहे आणि गाड्या बदलल्या. गेल्या वर्षी एकदा ती पिंपळ बघून निघाली आणि मध्यावर पोचेपर्यंत गाडी कोपरापाशी आली. थांबली गाडी, लागलं नाही काही. चालवणाऱ्या मुलानं काच खाली करून विचारलं, "आजी, दिसत नाही का?" तिला दिसत होतं. तिचा मोतीबिंदू काढून झाला आहे. त्या दिवसापासून ती पलीकडच्या भाजीवालीकडे जात नाही. अलीकडच्या दुकानातून पाच रुपये जास्त देऊन मेथी आणते आणि ती निवडताना रोज त्या दुकानदाराला नावं ठेवते. वरचं गणित आईच्या चालीला लावून बघावं म्हणून मी एकदा कागद घेतला होता. केलं, आणि कागद फाडून टाकला.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे सरकारचेच आकडे आहेत, आणि अतिवेगाच्या खात्यावर सरकारनंच एकूण मृत्यूंतले शेकडा एकाहत्तर लिहिले आहेत. सगळे पिकअपमुळे गेले असं मी म्हणत नाही. रस्ते आहेत, ट्रक आहेत, दारू आहे. पण ज्या देशात वेगानं इतकी माणसं जातात तिथे वेग किती लवकर गाठता येतो याची जाहिरात करायची, आणि ती बघून आम्ही टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. ती गाडीवाल्यांबद्दल नाहीच. मेहुणा गोड मुलगा आहे. तक्रार वहीबद्दल आहे, आणि वही हा माझा विषय.

विम्याच्या भाषेत गाडीवाला फर्स्ट पार्टी, विमा कंपनी सेकंड पार्टी, आणि या दोघांच्या करारात ज्याची सही कुठेच नसते, पण ज्याच्या हाडांचा उल्लेख असतो, तो थर्ड पार्टी. म्हणजे मी. थर्ड पार्टीचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे, कारण माझ्या हाडांचं कुणीतरी बघायला हवं. उत्तम. त्याचा हप्ता कशावर ठरतो? सीसीवर! इंजिनाच्या पोटात किती हवा मावते त्यावर. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजारला ३,४१६, त्यापुढे ७,८९७. आता बघा. मेहुण्याची गाडी ९९८ सीसी. एकशेवीस घोडे, तरी सगळ्यांत खालचा दर. कुणाच्या तरी गॅरेजात एखादी म्हातारी अँबॅसडर असेल, १४८९ सीसी, पन्नास घोडे, सुटते ती शाखा उघडल्यावर आमचं शटर वर जातं त्या वेगानं. तिला ३,४१६! ज्याच्यापासून मला धोका कमी त्यानं माझ्यासाठी जास्त भरायचं. हा दर ज्यानं पहिल्यांदा ठरवला त्याच्या काळात मोठं पोट म्हणजे जास्त ताकद हे खरं होतं. आमच्या शाखेतले पहिलवान बघून मी सांगतो, आता ते खरं राहिलेलं नाही.

विमेवाले म्हणतात, दर दाव्यांच्या अनुभवावरून ठरतात. असेल. पण कप्पेच सीसीचे पाडले तर अनुभवही सीसीच्याच कप्प्यांत साठणार. आणि ताकद मोजता येत नाही म्हणावं, तर तीही सोय नाही! त्याच दरपत्रकात विजेच्या गाड्यांना सीसी नसल्यामुळे नाइलाजानं किलोवॅट धरले आहेत. तीस किलोवॅटपर्यंत १,७८०, पासष्टपर्यंत २,९०४, त्यापुढे ६,७१२. मेहुण्याचे एकशेवीस घोडे म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलोवॅट. ते विजेचे असते तर ६,७१२ पडले असते. पेट्रोलचे आहेत म्हणून २,०९४. फरक ४,६१८ रुपये. आयुष्यभर डेबिट-क्रेडिट जुळवलेला माणूस विचारणारच की ही सूट कुणाच्या खात्यातून गेली? माझ्या.

जीएसटीचीही तीच तऱ्हा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाराशे सीसीपर्यंतची, चार मीटरांच्या आतली पेट्रोल गाडी 'लहान', तिला अठरा टक्के. त्याहून मोठीला चाळीस. विजेच्या गाडीला सरसकट पाच, मग तिच्यात चाळीस घोडे असोत की बीई ६ सारखे दोनशे ऐंशीच्या वर. अँबॅसडर २०१४ साली बंद झाली म्हणून बरं. आज असती तर लांबी आणि सीसी दोन्हींमुळे तिला चाळीस टक्के बसले असते, चैनीची वस्तू म्हणून! त्या गाडीतून सातारला गेलेल्या माणसाला विचारा चैन म्हणजे काय. विलायतेत १९२१ साली हाच घोटाळा उलट्या अंगानं झाला होता. तिथे सरकारनं घोड्यामागे एक पौंड कर बसवला, पण घोडे मोजायचे सिलिंडरच्या व्यासावरून. कारखानदारांनी काय केलं? सिलिंडर अरुंद आणि उंच केले. ज्या ठिकाणी सरकारची टेप लागते तिथे माणूस पोट आत घेतो, हे जगभर सारखंच आहे. आणि नव्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅप ही आपली योजना ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे; तिच्यात तारे मिळतात ते आत बसलेल्या मोठ्यांसाठी आणि आत बसलेल्या मुलांसाठी. बाहेर उभ्या असलेल्या आजीचे तारे कुठल्या रकान्यात?

कुणी म्हणेल, हा गाडी नसलेल्याचा मत्सर आहे. गाडी नाही, हे खरं. मत्सर असेल तर तो भाजीवालीच्या बाजूला राहणाऱ्यांचा. आणि मी चाळीस घोड्यांवर परत जा असंही म्हणत नाही. खंबाटकीत पाण्याचा डबा घेऊन धावलेला मुलगा मीच आहे. घाट चढायला, ट्रकच्या पुढे जायला, थोडी ताकद हातात असावी. पण थोडी म्हणजे किती? मारुतीचीच स्विफ्ट घ्या. तिच्यात नव्वद घोडे होते. २०२४ साली नवं मॉडेल आलं, त्यात ब्याऐंशी. पेट्रोल वाचावं म्हणून कंपनीनं आठ घोडे तबेल्यातून काढून टाकले. काय बिघडलं? कुठल्या घाटात स्विफ्टवाले उतरून धक्का मारताना दिसले? आमच्या शेजाऱ्यांकडे ती आहे. घोडे कमी झाल्याचं त्यांना मी सांगितलं तेव्हा कळलं. दोन दिवस बोलत नव्हते.

तर मी एक अर्ज लिहिला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला, प्रत विमा नियामकाला. विषय : पेट्रोल व डिझेल मोटारींचा थर्ड पार्टी हप्ता सीसीऐवजी किलोवॅटवर आकारणेबाबत. सोबत वरचं पंचवीस मीटरांचं गणित, परिशिष्ट अ. मसुदा मेहुण्याला दाखवला. त्यानं तो शांतपणे वाचला.

"भावोजी, चार-साडेचार हजारांनी हप्ता वाढला म्हणून मी काय घोडे कमी करणार आहे का?"

"नको करूस. भर पैसे."

"आणि त्या पैशांनी आईंना काय फायदा?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून कलम तीन वाढवलं : वाढीव हप्त्यातून पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नलला जास्तीचे सेकंद, उंचवट्याचे झेब्रा क्रॉसिंग आणि रस्त्याच्या मध्ये उभं राहायला जागा यांचा खर्च भागवावा. मेहुणा म्हणाला, हे महापालिकेकडे जाईल. जाऊ दे, तिकडेही प्रत ठेवतो. कार्बन काढायची सवय आहे.

अर्जावर थर्ड पार्टी म्हणून आईचीही सही घेतली. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, किलोवॅटपाशी थोडी अडखळली, आणि सहीच्या आधी म्हणाली, "अजून एक घाल. पिंपळापाशी हॉर्न वाजवू नका म्हणावं. मी बघितलेलं असतं."

ते कलम चार.